पानाशी थांबायचं नाही

परब मॅडमच्या टेबलासमोर खुर्ची नव्हती. एक होती, ती त्यांनी स्वतः उचलून पँट्रीत नेली आणि तिच्यावर पाण्याचा जार ठेवून दिला. त्यामुळे त्यांच्याकडे काम घेऊन येणाऱ्याने उभ्यानेच बोलायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी माझं नाव, माझं कॉलेज, आधीच्या कंपनीत काय केलं, तिथली माणसं कशी एकजात नग होती, असं सगळं रंगवून सांगायला लागले. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुका काय होया ता एका दमात सांग."

मी म्हणाले, "कॉम्प्युटर."

त्यांनी वहीत 'मानसी, कॉम्प्युटर' एवढंच लिहिलं आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाल्या, "हां, तू बोल."

मला असा काही राग आला की विचारू नका. माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी बोरिवलीहून अंधेरीपर्यंत रिक्षावाल्यांशी भांडत येणारी मुलगी, आणि ही बाई मला अर्ध्या वाक्यात उडवते? पण अर्ध्या तासात कॉम्प्युटर आला. त्याच्यावर लागणारं सगळं घालून आला, आणि सोबत चिठ्ठी: 'खिडकीची जागा हवी असेल तर सांग. दुपारी ऊन येतं.' मी खिडकीचं काही बोललेच नव्हते. येताजाता तिकडे पाहत होते, तेवढं त्यांनी टिपलं होतं.

आमची कंपनी म्हणजे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवायचे, वर आम्ही हॉस्पिटलांसाठी बेल बनवायचो. पेशंटच्या उशाशी बटण. ते दाबलं की नर्सच्या टेबलावर दिवा लागतो आणि बझर वाजतो. मध्ये जेवणाच्या डब्याएवढा एक बॉक्स, आणि त्या बॉक्समध्ये सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम. तो परब मॅडमनी अठरा वर्षांपूर्वी एकटीने लिहिला होता. एका बॉक्सला साठ-सत्तर खाटा जोडलेल्या असायच्या आणि प्रोग्राम एकच. त्याने सतत फेरी मारत राहायचं: कोणी बटण दाबलं का, कोणाचा दिवा विझवायचाय का, कुठली वायर सुटली का. जिथे काही घडलं असेल तिथलं चिमूटभर काम करायचं आणि लगेच पुढे सरकायचं. आमच्या धंद्यात याला इव्हेंट लूप म्हणतात.

मॅडम याला पंगत म्हणायच्या. त्यांची आई गिरणगावात खाणावळ चालवायची. तीस-तीस गिरणी कामगार जमिनीवर ओळीने बसायचे आणि वाढणारी आई एकटी. "आई कधी कोणाच्या पानाशी थांबली नाही," त्या सांगायच्या. "भात हवा? घाल, पुढे हो. आमटी संपली? आत ओरडून सांग, तोवर पुढच्याला वाढ. कोणी गाऱ्हाणं सांगायला लागला तर 'ऐकलंय हां भाऊ' म्हणायची आणि सरकायची. वाढपी एका पानाशी बसला तर एकोणतीस जण उपाशी. सीमधलं माझं सगळं शिक्षण तिथंच झालं. इंजिनियरिंगला नुसते मार्क मिळाले."

आमच्या कोणाचाही प्रोग्राम तपासताना त्या लाल पेनाने एकच वाक्य लिहायच्या: 'पानाशी थांबलीस.' म्हणजे बटण दाबल्यावर जे काम करायचं, त्या कामात तू कशाची तरी वाट बघत बसली आहेस. नवीन पोरं आधी हसायची. महिन्याभराने तीच पोरं एकमेकांना म्हणायला लागायची, "अरे यार, इथे तू पानाशी थांबलायस बघ."

मॅडम स्वतःही तशाच चालायच्या. दिवसभरात चाळीस माणसं येत. प्रत्येकाला अर्धं मिनिट, वहीत एक ओळ, "झाला की सांगतंय" असं आश्वासन. एरवी शुद्ध बोलायच्या, पण घाईत किंवा माया आली की मालवणी सुटायची. आणि संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस ओळींवर काट मारलेली असायची. मला आधी हे कोरडं वाटायचं. मग एकदा मी बाबांच्या ऑपरेशनसाठी रजा मागायला गेले. तेव्हाही अर्धंच मिनिट मिळालं. पण त्यानंतर आठ दिवस रोज दुपारी एक वाजता त्यांचा मेसेज यायचा: 'आज काय खाल्लं बाबांनी?' बरोब्बर एकला. अर्धा तास गोड बोलून नंतर विसरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यापेक्षा हे फार बरं.

दोन वर्षांनी माझ्या डोक्यात आलं की मॅडमचा हाताने लिहिलेला लूप काढून त्या जागी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, घालावी. जगभर हजारो लोक वापरतात, जास्त खाटा झेपतात, त्यातल्या चुका शोधायला शेकडो डोळे असतात. मी पूर्ण तयारीनिशी गेले. अठरा वर्षांचं बाळ मागायला चाललेय म्हणजे भांडण होणारच, म्हणून मुद्दे पाठ केले होते. मॅडमनी एका दमात ऐकलं. "त्या लायब्ररीचा आतला कोड छापून आण," म्हणाल्या.

तीन आठवडे तो गठ्ठा त्यांच्या पिशवीतून मुलुंडच्या घरी जात-येत होता. मग एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. "हा वाढपी माझ्यापेक्षा चांगला आहे गो," म्हणाल्या, आणि माझ्यादेखत स्वतःची फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत सावकाश एकदा नजर फिरवली आणि पुसून टाकली. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? चहा सांग."

मॅडमची एक पद्धत कंपनीत कोणालाच पटायची नाही. कुठलाही नवा प्रोग्राम हॉस्पिटलात जाण्याआधी पंधरा दिवस त्यांच्या मुलुंडच्या घरी चालायचा. तिथे खरा पेशंट होता. त्यांचे यजमान, परबकाका, सहा वर्षांपासून अर्धांगाच्या झटक्याने खाटेवर होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हा माणूस एकेकाळी सोसायटीच्या गणपतीत माईक हातातून सोडायचा नाही म्हणे. लग्न असो, बारसं असो, निवेदन काकांचं. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता: 'बरं'. भूक लागली तरी 'बरं', राग आला तरी 'बरं', मॅडम ऑफिसला निघाल्या की लांबलचक 'बरंऽऽ'. दिवसा सुमनमावशी त्यांना सांभाळायच्या. काकांच्या डाव्या हाताशी आमचं बटण, आणि स्वयंपाकघरात दिवा नि बझर.

मी एकदा तापून विचारलं होतं, "मॅडम, काकांवर कशाला प्रयोग करता? ऑफिसात खोटी खाट मांडून बघू ना."

त्या म्हणाल्या, "जो बॉक्स माझ्या माणसाच्या उशाशी ठेवायला मी कचरते, तो दुसऱ्याच्या माणसाच्या उशाशी कुठल्या तोंडानं ठेवू?" 

नवी लायब्ररी घातलेला पहिला प्रोग्राम तयार झाला तेव्हा घाटकोपरचं एक हॉस्पिटल घाई करत होतं. त्यांना शेवटच्या क्षणी आणखी एक गोष्ट हवी होती: प्रत्येक बेलची नोंद इंटरनेटवरून त्यांच्या मुख्य कॉम्प्युटरला जावी. ते काम मी एका दुपारी उरकलं. मॅडम माझी प्रत्येक ओळ वाचायच्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "तू केलंयस ना? मग घरी घालते."

आणि मी काय केलं होतं? बटण दाबलं की आधी नोंद पाठवायची, समोरच्या कॉम्प्युटरचं 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि मग दिवा लावायचा. दोन वर्षं ज्या बाईने मला एकच गोष्ट शिकवली, तीच मी केली नाही. खरं तर लायब्ररीला म्हणायचं असतं, 'ही नोंद पाठव, उत्तर आलं की सांग,' आणि आपण पुढे व्हायचं. मला ते पक्कं माहीत होतं. पण ऑफिसात उत्तर पापणी लवायच्या आत यायचं, त्यामुळे ते थांबणं मला दिसलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मुलुंडला त्यांच्या गल्लीत रस्ता खणताना कोणीतरी केबल तोडली. इंटरनेट गेलं. काकांनी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी बेल मारली. माझा प्रोग्राम नोंद पाठवायला गेला आणि न येणाऱ्या उत्तराची वाट बघत तिथेच बसला. दिवा लागला नाही. काका बटण दाबत राहिले. सुमनमावशी तीनला औषध देऊन, दार लोटून स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. बेल नाही म्हणजे झोपले असतील, असं त्यांना वाटलं. पावणेचारला त्या सहज डोकावल्या. काका अर्धे खाटेबाहेर लोंबकळत होते, अंथरूण ओलं झालं होतं, आणि डावा अंगठा बटणावरच होता. समोर भिंतीवर घड्याळ होतं. किती वाजल्यापासून, ते त्यांनी नंतर घड्याळाच्या काट्यांकडे बोट करून दाखवलं. चाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मॅडम वेळेवर ऑफिसला आल्या आणि माझ्या टेबलापाशी येऊन काय झालं ते सांगितलं. आवाज चढवला नाही.  त्यांनी माझ्या कोडचा कागद पुढे ठेवला. त्यावर लाल पेनाने काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मालकांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले, "परबबाई, हे नवीन खूळ राहू दे. तुमचा जुना लूप बॅकअपमध्ये असेलच, तोच परत घाला. हॉस्पिटलात असं झालं असतं तर आपली वाटच लागली असती." मला वाटलं, संपलं. मॅडम म्हणाल्या, "लायब्ररीचा काही दोष नाही. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, थांबू नका म्हणून. चूक हिची आहे, आणि न वाचता घरी नेलं ही माझी. जुना लूप मी घालणार नाही. ही दुरुस्त करेल." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला राजीनामा चाचपत होते. तो सकाळी मॅडमनी सांगितल्यावर पाच मिनिटांत खरडला होता.

केबिनच्या बाहेर आल्यावर तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चार घड्या केल्या. "हा नंतर बघू. शनिवारी घरी ये. माझी माफी मागून काय उपयोग? बेल मी मारली नव्हती."

शनिवारी मुलुंडला जाताना मी काय काय बोलायचं ते घोकत होते. खोलीत शिरले, काकांचं ते वाळलेलं शरीर, व्यवस्थित भांग पाडलेले केस, इस्त्रीचा सदरा बघितला आणि सगळं विसरले. "काका, माझ्यामुळे झालं. मी चुकले. मला माफ करा," एवढंच कसंबसं म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. माझ्यासारखी भांडकुदळ मुलगी परक्याच्या घरात अशी रडेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशीही भांडले असते.

काकांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

तो 'बरं' रागाचा होता की मायेचा, मला आजही ठाऊक नाही. त्यांचा अंगठा बटणाकडे सरकला.  स्वयंपाकघरात बझर वाजला, कारण मॅडमनी तिथल्या प्रोग्राममधून माझं नोंद पाठवायचं काम तेवढं काढून टाकलं होतं. सुमनमावशी पदराला हात पुसत आल्या. काकांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं आणि मग कप तोंडाला लावल्यासारखं केलं. माझ्यासाठी चहा सांगण्यासाठी त्यांनी बेल मारली होती.

मागून मॅडम म्हणाल्या, "रडतस कित्याक? चहा पी. मग कोड काढ, इथेच बसून करू."

त्या दिवशी काकांच्या खाटेशेजारी बसून आम्ही दोघींनी तो प्रोग्राम नीट केला. आधी दिवा, आधी बझर. नोंद लायब्ररीच्या हवाली, उत्तर येवो न येवो. आणि त्यानंतर महिनाभर मॅडम रोज ऑफिसला निघताना घरच्या इंटरनेटची वायर मुद्दाम उपटून ठेवायच्या. सुमनमावशींच्या मोबाइलवरच्या मालिका बुडाल्या, त्या माझ्या नावाने बोटं मोडत होत्या. पण बेल एकदाही चुकली नाही. मग तो बॉक्स घाटकोपरला गेला. माझा राजीनामा मॅडमनी कधी परत केला नाही आणि मीही मागितला नाही.

काका त्यानंतर दीड वर्षाने गेले. रविवारची दुपार होती, मॅडम घरीच होत्या. दिवा लागला, त्या काकांपाशी गेल्या, काकांनी त्यांचा हात धरला, आणि थोड्या वेळाने तो सैल पडला. "मी वेळेत पोचले गो," मला त्या फोनवर एवढंच म्हणाल्या.

चौदाव्या दिवशी त्या कामावर आल्या. तीच वही, तेच एका दमात. महिन्याभराने पुढचा प्रोग्राम तयार झाला आणि आम्ही सगळे गप्प राहिलो. घरी चालवायची पद्धत आता आपोआप बंद होणार, हे कोणी बोलून दाखवायचं? मॅडमनी बॉक्स पिशवीत घातला आणि मला म्हणाल्या, "रविवारी मुलुंडला ये. मला एक माणूस लागेल."

मी गेले. घरात त्या एकट्याच होत्या. काकांची खाट तशीच होती, पांढरी चादर घातलेली. मॅडम तिच्यावर जाऊन आडव्या झाल्या, पाय सरळ केले, बटण डाव्या हातात घेतलं. म्हणाल्या, "तू स्वयंपाकघरात थांब. दिवा लागला की ये." मी गेले. दिवा लागला, बझर वाजला, मी आले. असं पाच-सहा वेळा झालं. सगळं चोख चालत होतं.

मग त्या छताकडे बघत म्हणाल्या, "आता एकदा बेल मारते. पण तू येऊ नको."

"म्हणजे?"

"चाळीस मिनिटं येऊ नको. दार लोटून घे."

"मॅडम, नको ना. कशाला?"

"माका बघूचा आसा," त्या म्हणाल्या. "सगळ्या खाटांचं ऐकलं मी आयुष्यभर. त्या दुपारी ह्यांना काय वाटलं असेल, ते मला माहीतच नाही. ते सांगूही शकले नाहीत. जा तू."

मी दार लोटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दिवा लागला. बझर मी बंद केला. दिवा एकदा विझवला, तो पुन्हा लागला. पुन्हा विझवला, पुन्हा लागला. म्हणजे त्या दाबत होत्या. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मला त्या लाल दिव्याकडे बघवेना. माझ्या चुकीचं वजन मला आजवर नुसतं ऐकून माहीत होतं. ते आता समोर लुकलुकत होतं. त्यांनी सांगितलं होतं येऊ नको, आणि त्यांचं सांगणं मी कधी मोडलं नव्हतं. अकराव्या मिनिटाला मी दार ढकलून आत गेले.

मॅडम कुशीवर वळल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. मी खाटेच्या कडेला बसले, पाठीवर हात ठेवला. मी आल्याचं त्यांना कळलं, पण त्या वळल्या नाहीत. त्यांचा अंगठा मात्र अजून बटण दाबतच होता.